सोडतीत लागलेली 21 पुस्तकं: पंधरा महिन्यांच्या वाचनानंतर

जून 2024 मध्ये मला पहिलं पुस्तक लागलं. एका प्रकाशनाने फेसबुकवर पाच प्रश्न टाकले होते. बरोबर उत्तरं देणाऱ्यांमधून सोडत निघाली आणि त्यात माझं नाव आलं. तेव्हापासून ऑगस्ट 2025 पर्यंत 21 पुस्तकं घरी आली. किती ठिकाणी भाग घेतला तेही वहीत लिहून ठेवलंय: 137. त्यात दिवाळी अंकांतली शब्दकोडी आली, इन्स्टाग्रामवरच्या स्पर्धा आल्या, 'मुखपृष्ठ ओळखा' आलं आणि एका ग्रामीण साहित्य संमेलनात चिठ्ठ्या टाकून काढलेली सोडतही आली. 21 पैकी 16 पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचली, तीन अर्ध्यावर सोडली आणि दोन माझ्या कामाची नव्हती म्हणून न वाचताच योग्य माणसाकडे दिली. सोडतीत भाग घ्यावा का, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मी कुठून वाचते ते सांगते, कारण माझ्या मतांवर त्याचा परिणाम आहे. आमचं घर बेळगावात, वडगावला. घरात साडीचे दोन माग आहेत. माग सुरू असला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण त्या आवाजात वाचता मात्र छान येतं. सकाळी मागासाठी सुताच्या कांड्या भरून झाल्या की दुपारचा दीड तास माझा असतो. शहरात वाचनाची सोय नाही असं मुळीच नाही. आमचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं आहे. आजूबाजूच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि लोक मांडवात दिवसभर बसून ऐकतात. अडचण नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाची असते. पुण्यात त्याचा प्रकाशन समारंभ होतो, तिथल्या दुकानांत ते लागतं आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर दोन वर्षं जातात. पोचलं तरी अनोळखी नावावर साडेतीनशे रुपये घालायला हात धजत नाही. सोडतीचा मला खरा उपयोग झाला तो इथे. मी कधीच विकत घेतली नसती अशी किमान दहा पुस्तकं या पंधरा महिन्यांत माझ्याकडून वाचून झाली.

आता पत्त्याचं सांगते. मनाला सर्वात जास्त लागलेली गोष्ट तीच आहे. दुसऱ्याच वेळी नाव लागलं, अभिनंदनाचा निरोप आला, मी पत्ता पाठवला, तर उत्तर आलं: 'ही योजना फक्त महाराष्ट्रातील वाचकांसाठी आहे.' पुस्तक मराठी, प्रश्न मराठीत, माझी उत्तरं मराठीत आणि पत्त्यात कर्नाटक आहे म्हणून पुस्तक नाही! 1956 साली राज्याची रेघ बदलली तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या हातात शाळेची पाटी होती. ते आयुष्यभर मराठीच वाचत आले. दुसऱ्या एका ठिकाणी अर्जात राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र आधीच भरलेलं होतं आणि 59 ने सुरू होणारा पिन तो अर्ज घेतच नव्हता. शेवटी वन्संना विचारलं. त्या शिनोळीला असतात, चंदगड तालुक्यात. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने उचगाव फाटा मागे टाकला की थोड्या वेळात शिनोळी येते आणि तेवढ्या अंतरात पिनचे पहिले आकडे 59 चे 41 होतात. चार पुस्तकं त्यांच्या पत्त्यावर मागवली. "तुझं पुस्तक आलंय, मी अर्धं वाचलंय, संपवून मगच देणार," असा त्यांचा फोन यायचा. प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे: नियमात 'भारतभर' असा एक शब्द घाला. निपाणी, खानापूर, बिदर, भालकी, कारवार, सगळीकडे तुमचे वाचक आहेत.

पाठवण्याच्या खर्चाचं कारण मला समजतं. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने छापील पुस्तकांसाठीची नोंदणीकृत स्वस्त सेवा बंद केली, तेव्हा लहान प्रकाशक आणि स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे लेखक खरोखर अडचणीत आले. पण 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत जास्तीत जास्त 100 रुपये, कर वेगळा. पुस्तक कुठवर पोचलं तेही बघता येतं आणि वडगावसाठी दर वाढत नाही. आमच्या पोस्टमनना तर आता माझी पाकिटं ओळखीची झाली आहेत. दारातूनच कन्नडमध्ये हाक येते, "अक्का, मत्त पुस्तका बंदैत्री!" म्हणजे, अक्का, पुन्हा पुस्तक आलंय!

पार्सलबद्दल एक सांगायलाच हवं. जुलैत एका कुरिअरवाल्याने भर पावसात पाकीट फाटकाच्या आत टाकलं आणि तो निघून गेला. आत साधा खाकी कागद, प्लास्टिक नाही. बेळगावचा जुलै ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कथासंग्रह होता. पुठ्ठ्याचे कोपरे फुगून आले होते आणि मधल्या चार रंगीत चित्रांची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटली होती. ती ओढली असती तर शाई निघाली असती. दर दहा पानांआड वर्तमानपत्राचा कागद घातला, पुस्तक पंख्याखाली उभं ठेवलं, दर दोन तासांनी कागद बदलले. तिसऱ्या दिवशी साधी पानं सुटली. चित्रांची पानं मात्र सुटली नाहीत, ती तशीच आहेत. पुस्तक आता दीडपट जाड दिसतं आणि उघडलं की ओल्या पिठासारखा वास येतो. पण त्यातली पाणवठ्यावरच्या दोन जावांची कथा या 21 पुस्तकांमधली सर्वात चांगली कथा आहे, असं माझं मत आहे. ते पुस्तक मी कुणाला देणार नाही.

एक कादंबरी कन्नडमधून मराठीत आलेली होती. आमच्या भागात अनुवादाकडे लोक फार आपुलकीने बघतात. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाच्या घरात आणणाऱ्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे चांगला अनुवाद कसा वाचला जातो याची आम्हाला सवय आहे. ही कादंबरी दुसऱ्या अनुवादकाची. पहिली 50 पानं भराभर गेली आणि मग काहीतरी खटकू लागलं. शेजारी कन्नड शाळेतल्या बाई राहतात, त्यांच्याकडे मूळ पुस्तक होतं. दोन संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन बसलो. त्या कन्नड वाचायच्या, मी मराठी. मूळ पुस्तकातला म्हातारा शेतकरी धारवाडकडचं कन्नड बोलतो. पीक गेल्यावर बांधावर बसून तो म्हणतो, "एन माडूदरी." मराठीत त्याच्या तोंडी आलंय, 'काय करणार, नियतीपुढे मनुष्य हतबल आहे.' बाई मोठ्याने म्हणाल्या, "हे त्यानं म्हटलेलंच नाही!" 'काय करायचं हो' एवढंच पुरे होतं. अनुवाद चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कथा पूर्ण आली आहे, वाक्यं स्वच्छ आहेत. पण गडी, मालक, देसाई, शाळामास्तर, सगळे एकाच तोंडाने बोलतात. वाचून झालेल्या पुस्तकावर मी मत लिहिते, त्यात मी हे उदाहरणासकट लिहिलं. कादंबरी वाचा असंही लिहिलं, कारण मूळ गोष्टच दमदार आहे.

दुसरी कादंबरी निपाणीची. माझं माहेर निपाणीचं आणि आईने 22 वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं, म्हणून हे पुस्तक लागलं तेव्हा मला सर्वात जास्त आनंद झाला होता. 1981 च्या तंबाखू आंदोलनाची पार्श्वभूमी घेतली आहे. शेतकरी पुणे-बेंगळूरु महामार्गावर ठाण मांडून बसले होते, ते प्रसंग लेखकाने मन लावून लिहिले आहेत. रात्री रस्त्यावरच चुली पेटतात ते पान फार चांगलं उतरलं आहे. पण नायिका वखारीत काम करते आणि तिथे लेखक लिहितो की हवेत तंबाखूचा मंद सुगंध दरवळत होता. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी तिला वाचून दाखवत होते. तिने मला थांबवलं. म्हणाली, "सुगंध? अगं, खकाणा उठायचा. पदर नाकाला बांधूनसुद्धा घशात जायचा. घरी आल्यावर तू जवळ आलीस की शिंकायचीस, म्हणून मी आधी अंघोळ करत होते." हे मला ठाऊकच नव्हतं. त्या संध्याकाळी पुस्तक बाजूला राहिलं आणि आई दोन तास बोलत होती.

माझ्या मतात मी आईचं वाक्य जसंच्या तसं घातलं. कुणीतरी खाली विचारलं की एका शब्दावरून एवढं कशाला. मला तो एक शब्द वाटत नाही. निपाणीतच पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी लिहिलं आणि त्यांच्या माणसांच्या अंगाला त्यांच्या कामाचा वास येतो. ज्या बाईच्या पोटापाण्याचं काम तुम्ही कादंबरीत घेता, त्या कामाने तिच्या घशाचं काय होतं ते विचारायला हवं. वखारीत काम केलेल्या बाया अजून हयात आहेत. निपाणीची एक फेरी पुरली असती.

बाकीच्या पुस्तकांचं थोडक्यात सांगते. पाककृतींचं पुस्तक न वाचताच जाऊबाईंना दिलं, त्यांनी त्यातले तीन पदार्थ केले आणि प्रमाण बरोबर असल्याचं सांगितलं. घरगुती औषधांचं पुस्तक ओळखीच्या वैद्यांकडे गेलं. अर्ध्यावर सोडलेल्या तीन पुस्तकांत एक कादंबरी आणि दोन ललितसंग्रह. ललित लेखनात प्रत्येक पावसाला मातीचा गंध आणि प्रत्येक आजीला सुरकुतलेले हात असले की माझं वाचन पुढे सरकत नाही. छपाईबद्दल मात्र एक तक्रार आहे: 21 पैकी सात पुस्तकांत मुद्रितशोधन झालेलं दिसत नाही आणि एकाचा तर 16 पानांचा फर्मा दोनदा बांधला गेलाय.

मत कसं द्यावं, यावर मी फार विचार केला. फुकट मिळालेल्या वस्तूचं वाईट कसं बोलायचं, हा संकोच आपल्याकडे मोठा आहे. पहिली दोन-तीन मतं मी त्याच संकोचातून लिहिली. 'सुंदर', 'अप्रतिम', 'संग्रही असावं असं'. मग शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीने माझं मत वाचून त्यातलं एक पुस्तक विकत घेतलं. शिवणकामाच्या पैशातून, 280 रुपये देऊन. तिला ते आवडलं नाही. "ताई, तुला खरंच आवडलं होतं काय?" तिने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक मताच्या पहिल्या ओळीत लिहिते: 'हे पुस्तक मला सोडतीत मिळालं आहे.' केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या प्रभावी लोकांसाठी, म्हणजे इन्फ्लुएन्सरांसाठी, मार्गदर्शन काढलं, त्यातही फुकट वस्तू किंवा बक्षीस मिळालं असेल तर ते स्पष्ट सांगा असंच आहे. मी काही प्रभावी नाही, पण 280 रुपये माझ्या शब्दावर गेले होते. पुस्तक मला पाठवणाऱ्याचे मी आभार मानते, ते वेगळ्या निरोपात. मत मी त्या मुलीसाठी लिहिते.

गुडरीड्स या पुस्तकांवर मतं लिहिण्याच्या संकेतस्थळावरच्या सोडतींचंही बऱ्याच जणी विचारतात. तिथल्या सोडती अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहेत, आपल्याला उपयोग नाही. पण तिथे आपण वाचलेल्या मराठी पुस्तकांवर मत लिहिता येतं, ते जरूर लिहा. मराठी पुस्तकांखाली तिथे फार कमी मतं दिसतात.

शेवटी एका कवितासंग्रहाचं सांगते. एका तरुण कवीने स्वखर्चाने काढलेला पहिलाच संग्रह, 96 पानं. आत निळ्या शाईत चिठ्ठी होती: 'मनापासून वाचा.' मी वाचल्या, सगळ्या 61 कविता, दोनदा. आणि लिहिलं की यातल्या 14 कविता मला खऱ्या वाटल्या, बाकीच्या कुणाकुणाच्या सावलीत उभ्या आहेत. लिहून झाल्यावर दिवसभर जिवाला बरं वाटलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "कुठल्या चौदा, तेवढं सांगा ताई." मी पुस्तक घेतलं आणि पानांचे आकडे वाचत गेले. माग बंद केला होता, त्यामुळे पलीकडे तो पेनने लिहून घेतोय ते ऐकू येत होतं. आकडे संपल्यावर त्याने विचारलं, "पान 52 नाही काय त्यात?"

नाही म्हणाले. रात्री जेवणं उरकल्यावर पान 52 पुन्हा उघडलं. बाप उसाच्या फडातून परत येतो आणि दारात पाय धुताना मुलाशी एक शब्दही बोलत नाही, एवढीच कविता. आठ ओळी. पहिल्या दोन्ही वेळा मी ती वरवर वाचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मत उघडून 14 चे 15 केले आणि त्याला कळवलं.