“फुल इन्शुरन्स आहे मालक”: ४,७६,२०० रुपयांचा फटका

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ४,७६,२०० रुपये. परदेशात बर्फावर स्की करताना भावाचा पाय मोडला, त्यात एवढे घरातून गेले. विम्याचे म्हणून माणशी २,९५० रुपये टूरवाल्यानं आगाऊ घेतले होते, तरी विम्यातून एक रुपया आला नाही.

मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो. खत-बियाण्याच्या धंद्यातल्यांना माहीत आहे, टार्गेट पूर्ण केलं की कंपन्या बँकॉक, दुबई फिरवून आणतात. त्या सहलींचं बघणारा संभाजीनगरातला एक टूरवाला आम्हा डीलर मंडळींच्या चांगल्या ओळखीचा. घरच्या लग्नाला येऊन जेवून गेलेला माणूस. गेल्या जानेवारीत आम्ही चार घरं मिळून अकरा जण त्याच्याकडून अल्माटीला गेलो, या वेळी स्वतःच्या पैशानं. कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, आणि मेदेऊच्या स्केटिंग रिंकपासून केबल कारमध्ये बसलं की थेट शिंबुलाक या स्की रिसॉर्टच्या बर्फात. पोरांनी मोबाइलवर बघून हट्टच धरला होता.

व्हिसा नाही, म्हणजे विम्याचा कागद तपासणाराही कुणी नाही. इथंच या लोकांचं फावतं. युरोपला जाणाऱ्याला शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवावं लागतं. पण व्हिसावाले बघतात ती रक्कम आणि तारखा. बर्फावर स्की करताना मोडलेला पाय त्यात बसतो का, हे बघणं त्यांचं काम नाही. तेव्हा व्हिसा मिळाला म्हणजे विमा ठीक असणार, या भरवशावर स्वित्झर्लंडला स्की करायला निघाला असाल तर आजच पॉलिसी काढून वाचा.

मी विम्यात अडाणी असतो तर गोष्ट वेगळी. गारपीट झाली, शेतात पाणी साचलं, तर ७२ तासांत कळवा, नाहीतर दावा गेला, हे माझ्या काउंटरवरून शेकडो शेतकऱ्यांना मीच सांगितलंय. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीकविमा होता, तेव्हा कुणी कुणाच्या गायरानावर विमा उतरवला याच्या गोष्टी आमच्या मराठवाड्यात पोराटोरांना पाठ आहेत. मी स्वतः टूरवाल्याला विचारलं होतं, “स्कीइंग धरून आहे ना?” त्याचा व्हॉइस मेसेज आला: “मालक, टेन्शन कशाला घ्यायलात? स्पोर्ट्सवालं फुल इन्शुरन्स काढलंय. बर्फातलं सगळं आलं त्यात.” याहून जास्त माणसानं काय विचारायचं?

आता तो कागद. आजही मोबाइलमध्ये उघडला की डोकं फिरतं. व्हॉट्सॲपवर त्यानं प्रत्येकाला पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. पीडीएफ नाही, फोटो. वर कंपनीचा लोगो, खाली माझं नाव, पासपोर्ट नंबर, तारखा, आणि ठळक अक्षरात ‘मेडिकल एक्स्पेन्सेस ५०,००० डॉलर’. चाळीस लाखांच्या वरचा आकडा बघून आपण खूश. ईमेलच्या रकान्यात त्याच्या ऑफिसचा ईमेल, मोबाइलच्या रकान्यात त्याच्याच पोराचा नंबर. प्रीमियमची ओळ जिथं असते तिथं फोटो कापलेला. आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पेज १ ऑफ १४’. चौदातलं एक पान माझ्याकडं होतं. बाकीची तेरा कुठं आहेत, हे विचारायला एक ओळीचा मेसेज पुरला असता. पण त्या दिवशी दुकानात युरियाची गाडी लागली होती, बाहेर शेतकऱ्यांची रांग, हमाल हिशोबासाठी समोर उभा. मी अंगठा पाठवला आणि मोबाइल गल्ल्यात ठेवला. अकरापैकी दहा जणांनी तर फोटो मोठा करूनही बघितला नव्हता, हे आता तेच मला शहाणपणा शिकवतात म्हणून मुद्दाम लिहितो.

ग्रुपवर मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सेटिंगही त्यानंच लावून ठेवली होती. तो व्हॉइस मेसेज मी सहज भावाला फॉरवर्ड केला म्हणून वाचला. टूरच्या ग्रुपवर ही सेटिंग दिसली तर पहिल्याच दिवशी सगळं सेव्ह करून ठेवा.

अपघात धाकट्या भावाचा. नवशिक्यांचा उतार, सोबत शिकवणारा ट्रेनर, डोक्यावर हेल्मेट, पोटात चहाशिवाय काही नाही. हे सगळं सांगतो, कारण इथं आल्यावर पहिला प्रश्न “घेतली होती का?” असा यायचा. वेग आवरेना म्हणून तो बाजूला पडला. एका पायाची स्की, म्हणजे बुटाखालची लांब पट्टी, बर्फात रुतली, बूट तिला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटलं नाही, शरीर फिरलं आणि गुडघा जागेवर राहिला. नडगीच्या हाडाचा गुडघ्याकडचा भाग दबला. उतारावरच्या बचाव पथकानं स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, बांधून खाली आणलं, खाली दवाखान्यात एक्सरे, मग शहरात ऑपरेशन, प्लेट आणि स्क्रू.

दवाखान्यानं ॲडमिट करतानाच विचारलं, विमा का रोख? मी ऐटीत कागदावरच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पॉलिसी नंबर घेतला, पेशंटचं नाव घेतलं आणि विचारलं, “सर, पडले तेव्हा नेमकं काय करत होते?” म्हटलं, स्कीइंग. जरा वेळ नुसती की-बोर्डची टकटक. “सर, या प्लॅनमध्ये विंटर स्पोर्ट्स कव्हर होत नाहीत. तुम्ही ॲडव्हेंचर स्पोर्ट्सचं ॲड-ऑन घेतलेलं दिसत नाही.” ॲड-ऑन म्हणजे मूळ पॉलिसीवर जादा पैसे भरून घ्यायचं वाढीव संरक्षण.

टूरवाल्याला फोन लावला तर म्हणतो, “अरे मालक, खरं कशाला सांगायलात? हॉटेलच्या पायऱ्यांवरून घसरला म्हणून सांगा. दुसऱ्या नंबरवरून लावा फोन.” डोक्यात तिडीक गेली. बचाव पथकाच्या कागदावर उताराचं नाव, दवाखान्याच्या कागदावर स्की, आणि मी पायऱ्या सांगू? असं खोटं एकदा पकडलं गेलं की कंपनी अख्खा दावा फेकून देते, आणि मग आपण कुठं तोंड दाखवायच्या लायकीचे राहत नाही. कुणी असा सल्ला दिला तर त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, उपयोगी पडतो.

हिशोब असा: दवाखाना आणि ऑपरेशन ३,३८,६००. पाय सरळ ठेवून आणायचा म्हणून परतीची तिकिटं बदलली, जादा सीट घेतल्या, त्याचे ९६,४००. मी आणि भावजय मागं थांबलो, त्या हॉटेलचे आणि खाण्यापिण्याचे ४१,२००. परभणीला आल्यानंतरची फिजिओथेरपी यात धरलेली नाही.

घरी आल्यावर कंपनीकडून पॉलिसी नंबरवर पूर्ण पॉलिसी मागवली. फोनवर ओळख पटवली की मिळते, हे कुणी आधी सांगितलं असतं तर! चौदा पानी पीडीएफ. नवव्या पानावर अपवादांच्या यादीत स्कीइंग, स्नोबोर्डिंग, पॅराग्लायडिंग, सगळं एका ओळीत. आणि प्रीमियम? माणशी ६१२ रुपये. म्हणजे अकरा जणांचे ३२,४५० रुपये घेऊन त्यानं ६,७३२ भरले आणि २५,७१८ खिशात घातले. ज्या ‘स्पोर्ट्सवाल्या’चे पैसे घेतले ते कधी काढलंच नव्हतं. कागदावर एजंट म्हणून एका बाईचं नाव. त्याच्या ऑफिसात म्हणे तिला कुणी ओळखत नाही.

पॉलिसीवर छापलेल्या प्रीमियमपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नसतो. सर्व्हिस चार्ज घ्यायचा तर त्याची वेगळी पावती मागा.

त्यानंतर अभ्यासच करून बसलो. नुसतं ॲडव्हेंचर स्पोर्ट्सचं ॲड-ऑन घेऊनही सुटका नाही. बहुतेक ठिकाणी अट असते की हौशी म्हणून, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीत, आखून दिलेल्या उतारावरच स्की केलेलं चालेल. दोऱ्या-झेंड्यांच्या बाहेर गेलात, शर्यतीत उतरलात, दारू घेतलेली सापडली, तर ॲड-ऑन असून नसल्यासारखं. डिडक्टिबल म्हणून सुरुवातीचे काही डॉलर आपल्याच खिशातून जातात. डोंगरावरून हेलिकॉप्टरनं उचलणं आणि मायदेशी परत आणणं याच्या मर्यादा वेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघा. आणि पॉलिसी भारतातून निघण्याआधी घ्या. तिथं पोचल्यावर आठवण झाली तर बहुतेक कंपन्या देत नाहीत.

आता तक्रारीचं ऐका. गावातल्या पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, “हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.” म्हटलं, जे काढलंच नाही त्याचे पैसे घेतले, याला फसवणूक म्हणत नाहीत का? आता चारशेवीस गेलं, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आलं, एवढंच बदललं ना? तर म्हणे अपघात परदेशात झालाय, हद्दीचा प्रश्न येतो. अहो, अपघाताची फिर्याद द्यायला मी आलोय का? मग म्हणे टूरवाल्याचं ऑफिस संभाजीनगरात, तिकडं जा. संभाजीनगरात गेलो तर तिथले म्हणाले, पैसे कुठून पाठवले? परभणी जिल्ह्यातून ना? मग तिकडंच द्या फिर्याद. नव्या कायद्यात गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, झिरो एफआयआर त्यासाठीच आहे, हे मी छापून नेलं होतं. जमादारानं कागद घेतला, उलटा करून पाठीमागं माझा मोबाइल नंबर लिहिला आणि “साहेब आले की कळवतो” म्हणाला. पावती मागितली तर माझ्याकडं असं बघितलं जणू मीच कुणाला बुडवून आलोय. शेवटी पोस्टानं रजिस्टर करून अर्ज पाठवला. पोच आली, पुढं काही नाही.

विमा कंपनीची तऱ्हा निराळी. तक्रार केली की लगेच मेल: “आम्हाला आपली काळजी आहे.” मग त्याच उत्तराची नक्कल, खाली सही करणारं नाव फक्त बदललेलं. मी विचारलं, पॉलिसी माझ्या नावाची, तर चौदा पानं भलत्याच ईमेलवर कशी पाठवली? एकदा तरी माझ्या नंबरवर ओटीपी यायला नको? यावर आजपर्यंत उत्तर नाही. कंपनीनं नकार दिला, किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. नकारापासून वर्षाच्या आत. आमच्या मराठवाड्यासाठी कार्यालय पुण्याला. फी नाही, वकील लागत नाही. पण तिथं जाता येतं ते कंपनी, तिचा एजंट किंवा ब्रोकर यांच्याविरुद्ध. परवाना नसलेला टूरवाला त्यात बसत नाही, आणि अपवाद छापलेला आहे म्हणून कंपनी हात वर करून मोकळी. म्हणून मी जिल्हा ग्राहक आयोगात टूरवाला, ती कागदावरची बाई आणि कंपनी, तिघांनाही ओढलंय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, टूरवाल्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची, उगाच “मिटवू, मिटवू” म्हणत वेळ काढणाऱ्यांच्या नादी लागू नका.

मिटवायला तोही आला होता. २५,००० देतो म्हणाला, वर ‘तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं. मी हाकलला. मग त्यानं मलाच बदनामीची नोटीस पाठवली, चोराच्या उलट्या बोंबा. नाव न लिहिण्याचं कारण तेवढंच, माझ्या वकिलानं तंबी दिली आहे.

उन्हाळ्यात त्याची नवी जाहिरात आली: जॉर्जियाचं गुडौरी, बर्फ, “फुल इन्शुरन्ससहित”. तुमच्यापैकी कुणी पैसे भरले असतील तर पॉलिसी नंबर मागा आणि कंपनीला स्वतः फोन करून एवढंच विचारा की स्की करताना पाय मोडला तर पैसे देणार का. लेखी उत्तर मागा. पुढच्या वेळी प्रीमियम आपल्याच खात्यातून, आपल्याच ईमेलवर.

आयोगात आमच्या अकरा जणांपैकी सगळ्या मोठ्यांची शपथपत्रं हवी आहेत, कारण २,९५० प्रत्येकानं दिलेत. दोघं डीलर सही करायला तयार नाहीत. त्यांनी गुडौरीचा ॲडव्हान्स त्याच्याकडं भरलाय.