टॅपेट कव्हरची गळती आणि न झालेल्या हेडच्या कामाचे बिल

माझ्या मोटरसायकलच्या इंजिनातून वरच्या बाजूने ऑइल झिरपू लागले होते. टॅपेट कव्हरचे रबरी गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) उष्णतेने कडक झाले होते, एवढेच त्याचे कारण होते, हे पुढे पुराव्यासह सिद्ध झाले. ज्या गॅरेजमध्ये मी गाडी दिली तेथे मात्र हेड गॅस्केट गेल्याचे सांगण्यात आले, हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग (झडपा घासून नीट बसवणे) केल्याचे बिल माझ्याकडून वसूल झाले, आणि प्रत्यक्षात जुन्याच टॅपेट गॅस्केटवर सिलिकॉन फासून गाडी माझ्या हवाली करण्यात आली. गाडीमालकाला इंजिनाच्या आत डोकावता येत नाही, या एकाच गोष्टीवर अशी फसवणूक उभी असते. म्हणून बाहेरून काय तपासता येते आणि न झालेले काम झाले म्हणून गळ्यात मारले गेले असेल तर ते कसे ओळखता येते, हे सविस्तर लिहीत आहे.

टॅपेट कव्हर इंजिनाच्या माथ्यावर असते. त्याच्या आत झडपा उघडणारा कॅमशाफ्ट फिरतो, त्याच्यावर ऑइल सतत उडत असते आणि ते बाहेर येऊ नये म्हणून कव्हर व हेड यांच्यामध्ये रबरी गॅस्केट बसवलेले असते. या जागी ज्वलनाचा दाब नसतो, फक्त उडणारे ऑइल अडवायचे असते. हेड गॅस्केट त्याच्या खाली, हेड आणि सिलिंडर यांच्या सांध्यात असते आणि त्याला ज्वलनाचा सगळा दाब व उष्णता झेलावी लागते. पहिले बदलायचे तर कव्हरचे मोजके बोल्ट काढावे लागतात, काही गाड्यांत त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवावी लागते, आणि साध्या एका सिलिंडरच्या इंजिनावर ते फार वेळाचे काम नाही. दुसऱ्यासाठी कॅमशाफ्ट फिरवणारी कॅम चेन सोडून संपूर्ण हेड उचलावे लागते. खर्च आणि मेहनत या दोन्ही बाबतींत या कामांची तुलनाच होऊ शकत नाही, पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गळत्या सारख्याच दिसू शकतात. कव्हरच्या कडेतून निघालेले ऑइल फिन्सवरून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांवरून) खाली ओघळते, गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरते, त्यावर धूळ बसून काळा चिकट थर धरतो आणि थोड्याच काळात हेड, सिलिंडर, क्रँककेस (इंजिनाचा खालचा भाग) सगळेच ओले दिसू लागते. छप्पर एकीकडे गळावे आणि ओल भिंतीत भलतीकडेच उमटावी, तसे हे असते.

गॅरेजच्या मालकाने नेमका याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. त्याने इंजिन धुऊन पाहिले नाही. काळवंडलेल्या फिन्सवर बोट फिरवून ते मला दाखवले, गाडी सुरू करून तापू दिली आणि पुढच्या बाजूने निघणारा धूर दाखवत म्हणाला, "साहेब, हेड गॅस्केट गेलंय, व्हॉल्व्ह पण बघावे लागतील. असंच चालवलंत तर पिस्टन जाम होईल." तो धूर खरा होता, पण तो सायलेन्सरच्या तोंडातून येत नव्हता. हेडला जोडलेल्या तापलेल्या बेंड पाइपवर बाहेरून ऑइलचे थेंब पडून जळत होते, त्याचा तो धूर होता. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हची सील कामातून गेली तर ऑइल ज्वलनकक्षात जळते आणि निळसर धूर सायलेन्सरच्या मागच्या तोंडातून निघतो. बाहेर गळणारे ऑइल जळून होणारा धूर आणि हा निळा धूर यांचा एकमेकांशी संबंध नाही. माझ्या गाडीची ओढ कमी झाली नव्हती, ती एका किकमध्ये सुरू होत होती आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजण्याची साधी चाचणीसुद्धा तेथे कोणी केली नाही. हेड गॅस्केटमधून दाब निसटत असेल तर तो या चाचणीत बहुधा लपत नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन लखलखीत धुतलेले होते. बिलात हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह सील, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, नवे ऑइल आणि मजुरी अशा नोंदी होत्या, आणि बदललेले जुने भाग म्हणून एका पिशवीत एक काळवंडलेले हेड गॅस्केट व दोन सील दिलेली होती. धुतलेले इंजिन काही काळ कोरडेच दिसते, हे येथे आवर्जून सांगायला हवे, कारण काम झाल्याची खात्री आपण त्या कोरडेपणावरूनच करतो. पुढे कव्हरच्या उजव्या कडेला पुन्हा ओल दिसू लागली आणि बेंड पाइपवर ऑइल जळल्याचा वास येऊ लागला. तेव्हा मी ती पिशवी काढली आणि गॅस्केटचे मधले भोक मोजले. ते ५० मिलिमीटरच्या आसपास भरले. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ५७ मिलिमीटर दिलेला आहे. हेड गॅस्केटचे भोक बोअरपेक्षा किंचित मोठे असावे लागते, कारण ते लहान असेल तर गॅस्केटची कड ज्वलनकक्षात येते आणि वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळू शकतो. याचा अर्थ असा की मला दिलेले गॅस्केट माझ्या इंजिनात कधीच नव्हते. दुसऱ्या कोणत्या तरी लहान गाडीचा टाकाऊ भाग पुरावा म्हणून माझ्या हातात ठेवण्यात आला होता.

त्यानंतर मी गाडी दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली आणि कव्हर माझ्यासमोर उघडण्याची विनंती केली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर त्याने बोल्ट सोडले. कव्हर सहज सुटले नाही, कारण कडेने करड्या सिलिकॉनचा जाड थर पसरलेला होता. तो सोलत गेल्यावर खाली मूळ गॅस्केट निघाले. नवे रबरी गॅस्केट बोटाने दाबले की दबते आणि पुन्हा फुगून पूर्ववत होते. हे मात्र खाचेत दबून पूर्ण चपटे झालेले होते आणि वाकवताच कोपऱ्यात कडकन तुटले. कव्हरच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचे लोंबणारे तुकडे होते आणि त्यांतील काही सुटून कॅमशाफ्टच्या खालच्या खळग्यात साचलेल्या ऑइलमध्ये पडलेले होते. मला सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. असे तुकडे ऑइलबरोबर वाहत खाली जातात, पंपाच्या जाळीवर अडकतात, आणि जाळी बुजली तर इंजिनाच्या माथ्यापर्यंत ऑइल पुरेसे पोहोचत नाही. बाहेरची गळती थांबवल्याचा देखावा करताना आतल्या कॅमशाफ्टचा घास घेणारे हे काम आहे.

हेड उतरवलेच नव्हते, याचा निर्णायक पुरावाही तेथेच मिळाला. कव्हरखाली हेड आवळणारे चार नट असतात. कारखान्यात ते आवळल्यानंतर खूण म्हणून नटापासून खालच्या भागापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढलेली होती. त्या चारही रेघा अखंड होत्या. नट एकदा जरी सोडला असता तरी रेघेचे दोन भाग पुन्हा तंतोतंत जुळणे जवळपास अशक्य होते, आणि नटांच्या कोपऱ्यांवर पान्याची खूणही नव्हती. हेड उचलल्याशिवाय व्हॉल्व्ह बाहेर काढून ग्राइंडिंग करता येत नाही. म्हणजे मजुरीसकट त्या बिलातील मुख्य नोंदी सरळसरळ खोट्या होत्या. मी या सगळ्याची छायाचित्रे जागेवरच काढून घेतली.

आणखी एक नुकसान झाले होते. कव्हरच्या बोल्टांखाली जाड रबरी वॉशर असतात आणि अनेक गाड्यांत बोल्टाला मध्ये खांदा असतो. बोल्ट त्या खांद्यापर्यंत जाऊन थांबतो आणि कव्हरला खाली दाबून ठेवण्याचे काम रबरी वॉशर करतो. वॉशर कडक होऊन बसला तर बोल्ट कितीही आवळला तरी कव्हरवरचा दाब वाढत नाही, फक्त हेडमधील अॅल्युमिनियमच्या आट्यांवर ताण येतो. हे बोल्ट सहसा ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर इतकाच टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहावा. पहिल्या गॅरेजमध्ये गळती दाबण्यासाठी लांब पान्याने जोर लावला गेला असावा, कारण उजव्या बाजूच्या एका बोल्टाचे आटे गेलेले होते आणि पुन्हा ओल नेमकी त्याच बोल्टाजवळ दिसत होती. तेथे भोक पाडून तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवावे लागले.

छायाचित्रे, गॅस्केट आणि बिल घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. मालकाने आधी पिशवी बदलली गेल्याचे सांगितले, मग काम कामगाराने केल्याचे सांगितले. चार अखंड रेघांचे छायाचित्र समोर ठेवल्यावर त्याच्याकडे उत्तर उरले नाही. त्याने मजुरीची रक्कम परत केली. भागांची केली नाही. तेव्हा मी छायाचित्रांच्या प्रतींसह लेखी तक्रार त्याच्या हाती दिली आणि तिची पोच घेतली.

दुसऱ्या मेकॅनिकने केलेले काम मी शेवटपर्यंत उभा राहून पाहिले आणि ते साधेच होते. दोन्ही पृष्ठभागांवरचे सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, कारण लोखंडी पट्टीने अॅल्युमिनियमवर चर पडतो आणि तोच पुढे गळतीचा मार्ग होतो. कॅम चेनच्या पोकळीत कचरा पडू नये म्हणून तेथे स्वच्छ फडके कोंबले. नवे गॅस्केट आणि नवे रबरी वॉशर बसवले, आणि सीलंट वापरले ते फक्त कॅमशाफ्टच्या टोकाला जेथे अर्धगोल खाच येते तेथे, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकेच. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले. कव्हर उघडे असताना त्याने टॅपेटचे क्लिअरन्सही (झडपांजवळचे बारीक अंतर) तपासले. त्यासाठी वेगळे पैसे मागितले असते तरी ते रास्त ठरले असते. टॅपेट गॅस्केट बदलण्यासाठी ऑइल काढावे लागत नाही, त्यामुळे एरवी या कामाच्या बिलात नव्या ऑइलची नोंद असेल तर तिचे कारण विचारावे. माझ्या बाबतीत ते बदलणे भाग होते, कारण जाळी काढून धुवायची होती, आणि तिच्यात सिलिकॉनचे करडे तुकडे खरोखरच सापडले.

ज्यांच्या गाडीला अशी गळती लागली आहे त्यांनी इंजिन उघडण्याची परवानगी देण्याआधी ते ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने धुऊन पूर्ण कोरडे करून घ्यावे, सांध्यांवर पांढरी पावडर भुरभुरावी, इंजिन काही वेळ जागीच चालवावे आणि सर्वांत वरची ओली रेषा कोठे उमटते ते पाहावे. ओल नेहमी उगमापासून खाली आणि मागे जाते, त्यामुळे सर्वांत वरची व पुढची ओली जागा हाच उगम मानून तपासणी सुरू करावी. बिलात नुसते 'पॅकिंग बदलले' असे लिहू देऊ नये. कोणत्या सांध्याचे गॅस्केट आणि त्याचा भाग क्रमांक काय, हे लिहून घ्यावे. हेड उतरवणार असतील तर उतरवलेल्या स्थितीतील छायाचित्र, त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक दिसेल अशा रीतीने, आधीच मागून ठेवावे. प्रामाणिक मेकॅनिकला यात काहीही वावगे वाटत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. नवे गॅस्केट योग्य रीतीने बसवूनही काही काळाने त्याच कडेला पुन्हा ओल आली, तर कोणी हेडचे नाव काढण्याआधी क्रँककेसची ब्रीदर नळी मोकळी आहे का आणि ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या पुढे तर गेलेली नाही ना, हे तपासून घ्यावे, कारण ती नळी बुजली की आतला दाब वाढतो आणि ऑइल नव्या गॅस्केटमधूनही वाट काढते.