अलॉय रिम घेताना साताऱ्यात झालेली फसवणूक

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्रीच्या पावसात कऱ्हाडहून साताऱ्याकडे येताना माझ्या स्विफ्टचे पुढचे डावे चाक एका खड्ड्यात जोरात आदळले आणि लोखंडी रिमची कड आत वळली. गाडी २०१८ ची, व्हीएक्सआय या मधल्या प्रकारातली. कंपनीकडून आलेल्या रिम १४ इंची आणि टायर १६५/८० आर १४. टायरही झिजत आले होते, म्हणून एकच रिम बदलण्याऐवजी चारही चाकांना १५ इंची अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिम, आणि नवे टायर बसवावेत, असे आम्ही घरी ठरवले. तो निर्णय चुकीचा नव्हता. याच गाडीच्या झेडएक्सआय या वरच्या प्रकाराला कंपनी १८५/६५ आर १५ टायर देते आणि दोन्ही टायरांच्या एकूण व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक असल्याने स्पीडोमीटरचा आकडाही बिघडत नाही. फसवणूक झाली ती दुकानात.

शहराबाहेर महामार्गालगत असलेल्या त्या दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रारीचे काम चालू आहे. दुकानदाराने चार चकचकीत काळ्या रिम बाहेर काढल्या. "सर, नव्या गाडीवरून उतरवलेला सेट आहे. मालकाला मोठ्या साइजची हवी होती म्हणून बदलली. दोन महिनेसुद्धा चाललेला नाही. स्विफ्टलाच बसतो," असे त्याने सांगितले आणि माझ्यासमोर जॅक लावून एक चाक बसवूनही दाखवले. चारही नट आवळले गेले, चाक हाताने फिरवले तर कुठे घासले नाही. मी समाधानाने २२ हजार रुपये रिमांचे आणि टायरांचे वेगळे पैसे दिले. जुन्या चारही रिम त्याने बदल्यात ठेवून घेतल्या. चिठ्ठीवर फक्त 'अलॉय ४ नग' एवढेच लिहिले होते. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता आणि रिमेचे मापही नव्हते.

चाक बसले म्हणजे ते गाडीला जुळले, असा माझा समज होता आणि दुकानदाराने नेमका त्याच समजाचा फायदा घेतला.

पहिल्याच आठवड्यात ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले. दुकानात गेलो तर बॅलन्सिंग, म्हणजे मशीनवर फिरवून चाकाच्या वजनाचा तोल साधणे, करून दिले आणि टायर नवे आहेत, पाचशे किलोमीटर चालले की बसतील, असे सांगितले. पुन्हा गेलो तेव्हा अलाइनमेंट करून घ्या म्हणाले. तेही केले. थरथर तशीच राहिली आणि त्यात मागच्या डाव्या चाकातील हवा दर चार दिवसांनी उतरू लागली. सप्टेंबरमध्ये आम्ही सगळे कासला फुले पाहायला गेलो होतो. येताना यवतेश्वरचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला की खालून टक्-टक् असा आवाज येत होता. मागच्या सीटवर आई आणि मुलगी होत्या. तो आवाज कशाचा होता हे नंतर कळले, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

आमच्या भागात पंक्चर काढणारे एक वयस्कर काका आहेत, त्यांच्याकडे ते हवा उतरणारे चाक नेले. त्यांनी चाक पाण्याच्या टाकीत बुडवले. बुडबुडे टायरमधून येत नव्हते, रिमेच्या आतल्या बाजूने येत होते. त्यांनी टायर उतरवला, रिम उन्हात धरली आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काळा रंग खरवडला. रंगाखाली बोटभर लांबीचा, खडबडीत, माशाच्या खवल्यांसारखा वेल्डिंगचा पट्टा होता. "सर, ही तडकलेली रिम आहे. आरगॉन वेल्डिंग मारून वरून पावडर कोटिंग केलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी नटांची भोके दाखवली. ती गोल नव्हती. आतल्या बाजूला कोरून लांबट केलेली होती आणि बाहेरच्या बाजूची उरलेली फट लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगवलेली होती. त्यांनी व्हर्नियर (बारीक माप घेण्याची पट्टी) लावून समोरासमोरच्या भोकांमधले मूळ अंतर काढले, ते १०८ मिलिमीटर भरले. स्विफ्टला चार भोके आणि १०० मिलिमीटर अंतर लागते, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात. म्हणजे ही रिम मुळात दुसऱ्याच गाडीची होती आणि तिचे प्रत्येक भोक चार मिलिमीटर आत सरकवून माझ्या गाडीला 'बसवण्यात' आले होते. नटाचा निमुळता भाग जेथे सगळीकडून टेकायला हवा, तेथे तो अर्ध्याच बाजूला धातूवर आणि अर्ध्या बाजूला लांबीवर टेकत होता. लांबीचा भुगा होऊ लागल्यावर नट सैल पडले आणि घाटात ऐकू आलेला आवाज त्याचाच होता.

थरथरीचे कारणही तेथेच सापडले. रिमेच्या मध्यभागी असलेले भोक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरणाऱ्या मधल्या भागावर, घट्ट बसावे लागते. स्विफ्टच्या हबचे माप ५४.१ मिलिमीटर आहे आणि या रिमेचे भोक ७३.१ मिलिमीटरचे होते. काकांनी पुढच्या चाकाचे झाकण काढून दाखवले, तेव्हा हब आणि रिम यांच्यामधल्या फटीत माझे बॉलपेन सहज आत गेले. मोठ्या भोकाची रिम बसवणे यात स्वतः काही गैर नाही, कारण बाजारातल्या पुष्कळ अलॉय मुद्दाम मोठ्या भोकाच्या बनवतात; परंतु मग ती फट भरून काढणारी योग्य मापाची हब रिंग घालावी लागते. ती नसेल तर चाक नेमके मध्यावर बसेलच याची खात्री राहत नाही, सगळा भार नट आणि स्टड (नट ज्यांवर आवळतात ते हबचे आटेदार दांडे) यांच्यावर येतो, आणि कितीही बॅलन्सिंग केले तरी थरथर जात नाही, कारण मशीनवर चाक मध्यावर असते आणि गाडीवर नसते.

ऑफसेटबद्दल तर मला कोणी काही विचारलेही नव्हते. रिमेच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातील अंतर म्हणजे ऑफसेट, आणि तो रिमेवर ईटी या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. माझ्या मूळ रिम ५ इंच रुंद होत्या, या ६ इंचाच्या निघाल्या. त्यामुळे अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर, चाक बाहेर आले. ऑफसेटही १० मिलिमीटरने कमी असल्याने ते आणखी तेवढेच सरकले. चाकाची कड मूळ जागेपेक्षा २३ मिलिमीटर बाहेर गेली होती. मी ते डोळ्यांनी पाहिले होते आणि गाडी रुंद, छान दिसते असेच समजलो होतो, पण त्याने व्हील बेअरिंगवर जास्त ताण येतो आणि वळताना भरलेल्या गाडीत टायर मडगार्डला घासू शकतो.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट निराळी आहे. मूळ रिमांची मापे दुकानात जाण्यापूर्वीच माझ्या हाती होती, कारण डिकीतली स्टेपनी कंपनीचीच होती आणि ती शेजारी ठेवून तुलना करायला पाच मिनिटे लागली असती. चांगल्या अलॉयच्या मागच्या बाजूला माप, ऑफसेट, किती किलो भार झेलते तो आकडा आणि जपानी मानकाची जेडब्ल्यूएल किंवा जपानी तपासणी संस्थेची व्हीआयए ही अक्षरे ओतीव उमटलेली असतात. ओतल्याचा महिना आणि वर्ष दाखवणारी लहान गोल तबकडीही बहुधा असते. माझ्या रिमांवर या सगळ्या जागी रंगाचा जाड थर होता आणि एक तबकडी तर घासून सपाट केलेली होती. दुकानदाराने पुढची बाजू वळवून वळवून दाखवली, मागची एकदाही दाखवली नाही. रिम घेताना ती पालथी करून टॉर्चच्या उजेडात पाहावी, टायर चढवण्याआधी नुसती रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून कड डोलते का ते पाहावे, आणि विक्रेता यातले काहीही करू देत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत. भोके पाच असतील तर समोरासमोर भोक नसते; तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याला १.७ ने गुणले की पीसीडी जवळजवळ बरोबर मिळतो. नटही तपासावेत. स्विफ्टच्या नटांचे आटे १.२५ मिलिमीटर अंतराचे आहेत, पण त्याच जाडीचे १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे नट इतर अनेक गाड्यांना लागतात आणि ते चुकून पान्ह्याने दाबून चढवले तर स्टडच खराब होतात.

मी दुकानात परत गेलो, तेव्हा "आमच्याकडून नेल्यावर तुम्ही कुठे आपटली असेल" असे उत्तर मिळाले. आदळल्याने भोके लांबट होऊन त्यात लांबी भरली जात नाही, हे मी त्यांना फोटो दाखवून सांगितले. मग त्यांचा सूर बदलला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर त्यांचा स्वतःहून फोन आला आणि त्यांनी १२ हजार रुपये परत देण्याची तयारी दाखवली. अट एकच होती, चारही रिम त्यांना जशाच्या तशा परत करायच्या.

दरम्यान मी चेसिस क्रमांक देऊन कंपनीच्या अधिकृत स्पेअर काउंटरवरून झेडएक्सआयच्या १५ इंची रिम घेतल्या आणि त्यावर तेच टायर चढवले. आता ताशी १०० ला स्टिअरिंग स्थिर असते. पैशांची मला गरज होती, तरीही ती अट मी मान्य केली नाही. मी त्यांना कळवले की प्रत्येक रिमेला तुमच्यासमोर कटर मारून चिरा पाडू आणि मग तुम्ही त्या भंगारात घाला, मी १२ हजार घेऊन तक्रार मागे घेतो. त्यांना ते चालले नाही. रंगाचा नवा हात मारून त्या रिम पुढे कोणाच्या गाडीला लागणार होत्या, याचे उत्तर मला त्या नकारातच मिळाले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. त्यासाठी कागद जमवणे चालू आहे. फोटो, चिठ्ठी आणि पैसे दिल्याचा मोबाइलवरचा पुरावा फाइलमध्ये आहे, आणि रंग खरवडलेली ती रिम इतर तीन रिमांसह माझ्या घराच्या गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलेली आहे.