'नुसतं लावा, घासायची गरज नाही' म्हणे! रस्ट कन्व्हर्टर दीड वर्ष वापरून

जुनी सीजे-३बी घेतली, तीच ती उंच नाकाची जीप. तिच्या एफ-हेड इंजिनात एक्झॉस्टचे वाल्व ब्लॉकमधे आणि इनटेकचे वर हेडमधे, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ ला जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीने बॉनेटच वर उचललं. माझ्या गाडीचं इंजिन दुसऱ्या महिन्यात चालू झालं. गंज अजून चालूच आहे.

तर हा रिव्ह्यू रस्ट कन्व्हर्टरचा, म्हणजे गंजावर लावलं की त्याचा काळा थर करणाऱ्या औषधाचा. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तीन वेगवेगळ्या बाटल्या वापरल्या आणि तिन्हींची तऱ्हा थोड्याफार फरकाने तीच. बाटलीवर छापलेलं वरचं वाक्य सोडलं तर माल बरा आहे, पण त्या एका वाक्याने माझे तीन महिने खाल्ले.

झालं काय, पहिल्यांदा मी खरंच घासलं नाही. ड्रायव्हर सीटखालच्या पत्र्यावर ब्रशने लावलं, दुधासारखं पांढरं असतं, बघता बघता जांभळं होतं आणि मग काळंभोर, इतकं छान दिसायला लागलं की मी मित्रांना फोटो पाठवले, वर रंग पण मारून टाकला. तीन महिन्यांनी एक कडा फुगलेली दिसली म्हणून सहज स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तळहाताएवढा काळा पोपडा उचलून आला, वरून गुळगुळीत आणि मागून नारिंगी भुसा. म्हणजे औषध वरच्या थरात मुरलं आणि खालचा गंज आपला आरामात.

मग शहाणपण सुचलं. तोच पत्रा कापून काढला (तसाही गेलेलाच होता), त्याच्या चार पट्ट्या केल्या. एकीवर नुसतं कन्व्हर्टर, दुसरी वायर ब्रशने घासून कन्व्हर्टर, तिसरी घासून कन्व्हर्टर आणि वर प्रायमर (रंगाचा पहिला हात), चौथी घासून थेट प्रायमर. आठ महिने उघड्यावर टाकल्या. पहिलीची वाट लागली. दुसरीवर आधी तांबूस ठिपके आले मग सगळीकडे पसरलं, कारण हे काळं म्हणजे काही फायनल कोट नाही, त्यावर रंग चढवावाच लागतो. तिसरी आजही जशीच्या तशी. आणि चौथी, इथे मला आश्चर्य वाटलं, सपाट भागात तिसरीइतकीच चांगली, फक्त जिथे बारीक खड्डे होते तिथे प्रायमरला फोड आले.

यातच सगळं आलं बघा. हे औषध खड्ड्यांसाठी आहे. चॅसीच्या लोखंडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले असतात, ग्राइंडरला वायर कप लावून कितीही घासा, तळाशी गंज राहतोच, तिथे हे आत उतरतं आणि पकडतं. आतल्या टॅनिक ॲसिडचा गंजाशी संयोग होऊन निळसर काळं आयर्न टॅनेट तयार होतं (जुन्या काळी लिहायची काळी शाई याच रिॲक्शनवर बनायची), फॉस्फोरिकवाल्या बाटलीत आयर्न फॉस्फेट होतं. म्हणजे टॅनिकवाल्याला काम करायला गंज लागतो! सँडब्लास्ट करून (वाळूचा मारा करून) आणलेल्या चकचकीत चॅसीवर ते ओतण्यात काही अर्थ नाही, तिथे सरळ एपॉक्सी प्रायमर मारा. एपॉक्सीवरून आठवलं, डब्यावरची सूचना आधी वाचा, बऱ्याच एपॉक्सींना खाली ॲसिडवालं काही चालत नाही.

लावण्याआधी ग्रीस-ऑइल थिनरने पुसून घ्या नाहीतर ते पाण्यासारखं थेंब होऊन बसतं. कडाक्याच्या थंडीत लावू नका, काळं व्हायला तयारच होत नाही. ब्रेकच्या कुठल्याही पार्टला, नट-बोल्टच्या आट्यांना अजिबात लावायचं नाही. पाट्यांच्या स्प्रिंगला पण नाही, कडक केलेल्या स्टीलला ॲसिड मानवत नाही, ठिसूळ होऊ शकतं. आणि वेल्डिंग करायचं असेल तर आधी वेल्डिंग. लावलेल्या जागी करावंच लागलं तर तेवढा भाग चकचकीत होईपर्यंत घासा, तो धूर छातीत घेण्यासारखा नाही.

जिथे अजिबात उपयोग झाला नाही ती जागा म्हणजे फ्लोअरखालचे हॅट चॅनेल, पत्र्याला आधार देणाऱ्या टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या. दोन पत्र्यांच्या मधला गंज, वरून ओतलं, खालून गळालं, मधे काय भिजलं देव जाणे. युद्धकाळातल्या जीपच्या या चॅनेलमधे तर लाकडी पट्ट्या भरलेल्या असायच्या, त्या पाणी धरून ठेवायच्या आणि पत्रा आतून खायच्या. माझ्याकडे लाकूड नव्हतं पण चिखल भरपूर होता. शेवटी चॅनेल कापून नवे बसवले आणि आतून मेण मारलं.

बिजागऱ्या, ब्रॅकेट असल्या सुट्या सामानाला मी आता हे वापरत पण नाही, बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, साधा लोखंडी तुकडा आणि बॅटरी चार्जर, विजेने (इलेक्ट्रोलिसिस) गंज आपोआप सुटतो. फक्त तुकडा स्टेनलेसचा घेऊ नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावरच करा.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा मार्क माझ्या चुकीचा असेल, कारण दुसरी बाटली मीच घालवली. ब्रश थेट बाटलीत बुडवत होतो, ब्रशबरोबर गंज आत गेला आणि दोन आठवड्यांत आत काळी जेली. वाटीत काढून घ्यायचं आणि उरलेलं परत ओतायचं नाही, हे बाटलीवर लिहिलेलं होतं. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.