सहा इंची डॉब घेतला तो बर्नार्डच्या ताऱ्यासाठी, त्याचा रिव्ह्यू

रिव्ह्यू टेलिस्कोपचाच आहे पण शनी आणि चंद्रावरून करणार नाहीये. शनीची कडी आणि चंद्रावरची विवरं कुठल्याही बऱ्यापैकी दुर्बिणीतून दिसतात, सगळे खूश होतात, आणि दुर्बीण नक्की किती चांगली आहे ते काही कळत नाही. मी ही घेतली ती जवळचे लाल बटू तारे (सूर्याहून लहान, थंड आणि मंद) बघायला. सूर्याच्या शेजारपाजारचे बहुतेक तारे याच जातीचे आहेत आणि त्यातला एकही साध्या डोळ्यांनी दिसत नाही, हे कळल्यापासून चैन पडत नव्हती. त्यातही बर्नार्डचा तारा बघायचाच होता, कारण तो आपल्यापासून फक्त ६ प्रकाशवर्षांवर आहे (त्याहून जवळ म्हणजे अल्फा सेंटॉरीचं त्रिकूट, बस) आणि आता त्याच्याभोवती चार ग्रह आहेत हे पक्कं झालंय.

तर वस्तू अशी: १५० मिमीचा आरसा, १२०० मिमी फोकल लेंग्थ म्हणजे एफ/८ (फोकल लेंग्थ आरशाच्या रुंदीच्या आठपट), खाली लाकडी डॉब्सोनियन स्टँड, त्यावरूनच डॉब. मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, हाताने ढकलायची आणि हाताने थांबवायची. कंपनीचं नाव देत नाही कारण या मापाचे डॉब बरेच जण विकतात आणि आतला माल जवळपास सारखाच असतो, खालचं बरंचसं सगळ्यांनाच लागू पडेल. सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि एक लाल ठिपक्यावाला फाइंडर (ताऱ्यावर नेम धरायला).

आरसा अप्रतिम आहे. एफ/८ असल्यामुळे कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) फार नखरे करत नाही, थोडं इकडेतिकडे असलं तरी तारे टोकदार दिसतात, नवीन माणसाला हा मोठा दिलासा. फक्त घरातून बाहेर आणल्या आणल्या डोळा लावू नका, अर्धा तास तरी नळी बाहेरच्या हवेत राहू दे, नाहीतर तारे थरथरत राहतात आणि माणूस उगाच आरशाला दोष देत बसतो.

आता तारा शोधायचा भाग, आणि खरी परीक्षा इथेच होते. बर्नार्डचा तारा आहे भुजंगधारी तारकासमूहात, मॅग्निट्यूड (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा अंधुक) साधारण ९.५. म्हणजे साध्या डोळ्यांना जे अगदी अंधुक तारे काळ्याकुट्ट आकाशात दिसतात त्यांच्यापेक्षाही वीस-पंचवीस पट अंधुक. दीडशे मिमीला हे काहीच अवघड नाही, शहराच्या उजेडातही दिसतो, अडचण दिसण्याची नाहीच मुळी, ओळखण्याची आहे, कारण आजूबाजूला तसेच दिसणारे ढीगभर ठिपके असतात. मी जातो तो रस्ता असा: आधी बीटा भुजंगधारी म्हणजे सेबलराय धरायचा, तिथून पूर्वेला चारेक अंश सरकलं की ६६, ६७, ६८ आणि ७० नंबरच्या ताऱ्यांचा छोटा इंग्रजी व्ही सापडतो. त्यातला ६६ नंबरचा तारा २५ मिमीच्या आयपीसच्या कडेला ठेवायचा. हा आयपीस ४८ पट मोठं दाखवतो आणि आकाशाचा जवळपास एक अंश एका नजरेत येतो, बर्नार्ड तिथून वायव्येला पाऊण अंशाच्या आत आहे, म्हणजे दोघं एकाच वेळी दिसतात. एक लक्षात ठेवा, या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, नकाशा पण उलटा धरा म्हणजे डोकं दुखणार नाही.

आणि नकाशा कुठल्या सालचा आहे ते आधी बघा, हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. बाकी ताऱ्यांना वीस-पंचवीस वर्षांनी काही फरक पडत नाही पण हा तारा आपल्या आकाशात सगळ्यात जोरात सरकणारा तारा आहे, वर्षाला १० आर्कसेकंदांहून (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त, जवळजवळ सरळ उत्तरेकडे. खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांनी १९१६ साली हे मोजलं म्हणून त्यांचं नाव लागलं. २००० सालच्या जागा छापलेला नकाशा घेऊन बसलात तर तारा तिथून चार आर्कमिनिटांपेक्षा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जास्त वर गेलेला असतो, आणि तुम्ही भलत्याच ठिपक्याला बर्नार्ड म्हणून घरी जाल. स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या अॅपमध्ये आजची तारीख टाकून बघा, त्यात हे सरकणं धरलेलं असतं.

सापडल्यावर दिसतं काय? एक फिकट केशरी ठिपका. लाल बटू म्हणतात म्हणून कुंकवासारखा लाल शोधू नका, इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंग जेमतेम कळतो, पण आधी शेजारच्या पांढऱ्या ताऱ्यावर नजर टाकून मग याच्याकडे वळलात की फरक जाणवतो. या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सहाव्या हिस्स्याइतकं, तापमान ३२०० केल्विनच्या आसपास, आणि प्रकाश सूर्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वय सूर्याहून बरंच जास्त. इतक्या जवळ असून डोळ्यांना दिसत नाही त्याचं कारण हेच, मुळात उजेडच कमी.

ग्रह दिसतात का हे मला प्रत्येक जण विचारतो. नाही दिसत, आणि दिसतील असं सांगून कोणी दुर्बीण विकत असेल तर तिथून निघा. चौघांपैकी बर्नार्ड बी हा ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ फिरतो की इथून बघताना दोघांमधलं अंतर जेमतेम ०.०१ आर्कसेकंद भरतं, आणि १५० मिमी आरशाची क्षमता ०.७७ आर्कसेकंदांपर्यंत. त्यात ताऱ्याचा झगमगाट वेगळाच. हे ग्रह कुणीही डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, ते सापडले ताऱ्याच्या हलण्यावरून. ग्रह फिरतो तसा तारा पण किंचित मागेपुढे होतो, त्याच्या वर्णपटातल्या रेषा तितक्याच किंचित सरकतात. किती किंचित? सेकंदाला अर्धा मीटर आणि त्याहून कमी, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू, आणि हे सहा प्रकाशवर्षांवरून मोजलंय! मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

या ताऱ्याच्या ग्रहांचा इतिहास दुर्बीण घेणाऱ्याने वाचावाच असा आहे. खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हॅन द काम्प यांनी अमेरिकेतल्या स्प्राऊल वेधशाळेत वर्षानुवर्षं फोटो प्लेट काढून, तारा डुलतोय त्यावरून, १९६३ साली जाहीर केलं की इथे गुरूपेक्षा मोठा ग्रह आहे, आणि लोकांनी बरीच वर्षं ते मानलं. मग १९७३ मध्ये गेटवूड आणि आइकहॉर्न यांना दुसरीकडच्या प्लेटवर ते डुलणं सापडलंच नाही, आणि त्याच सुमारास जॉन हर्षी यांनी दाखवलं की स्प्राऊलच्या दुर्बिणीत भिंगाच्या बैठकीत बदल केले तेव्हाच बाकीचे तारेही तसेच हलल्यासारखे दिसतात. म्हणजे ग्रह दुर्बिणीतच होता. गंमत म्हणजे याच काळात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने डेडलस नावाच्या मानवरहित यानाचा आराखडा केला तो याच ताऱ्याकडे जायचा. पुढे २०१८ मध्ये २३३ दिवसांत फेरी मारणारा एक ग्रह जाहीर झाला, २०२१ मध्ये तोही बाद, ती ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावरची हालचाल निघाली. शेवटी ऑक्टोबर २०२४ ला चिलीमधल्या व्हीएलटी या दुर्बिणीवरच्या एस्प्रेसो उपकरणाने ३.१५ दिवसांचा ग्रह (हाच बर्नार्ड बी) पकडला, आणि मार्च २०२५ ला हवाईच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीवरच्या मरून-एक्स उपकरणाची मोजमापं त्यात मिळवून चारही पक्के झाले. चौघांचं वर्ष अनुक्रमे २.३४, ३.१५, ४.१२ आणि ६.७४ दिवसांचं! वस्तुमान चौघांचं पृथ्वीच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिस्स्याइतकं. सगळे ताऱ्याला इतके चिकटून की पाणी द्रवरूपात राहणं शक्य नाही, बर्नार्ड बी चं तापमान १२५ अंश सेल्सियसच्या आसपास धरलंय. लोक इथे लगेच निराश होतात, मला ते पटत नाही. साठ वर्षांत दोनदा खोटा ठरलेला दावा तिसऱ्यांदा दोन वेगळ्या दुर्बिणींवर, दोन वेगळ्या उपकरणांवर टिकला, माझ्यासाठी पाण्यापेक्षा हे मोठं आहे.

दिसणारी गोष्ट मात्र एक आहे आणि त्यासाठीच हा डॉब पैसे वसूल करतो: ताऱ्याचं सरकणं. १० मिमीच्या आयपीसने १२० पट होतं, त्यात वर्षाचे १० आर्कसेकंद म्हणजे साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राच्या दोन तृतीयांश रुंदीइतके भासतात. शेजारचे दोन-तीन अंधुक तारे धरून कागदावर त्रिकोण काढा, तारीख टाका, पुढच्या सीझनला परत काढा. पहिल्या वर्षी शंका राहते, दोन-तीन सीझननंतर शंका राहत नाही, त्रिकोणाचा आकारच बदललेला असतो. मोबाईल आयपीसला लावून काढलेल्या फोटोत हे अजून स्पष्ट येतं.

आता तक्रारी. लाल ठिपक्याचा फाइंडर या कामाला निरुपयोगी, कारण तो मोठं करून दाखवत नाही आणि उजेडाच्या आकाशात ६६ नंबरचा तारा (मॅग्निट्यूड ४.७ च्या आसपास) डोळ्यांना दिसतच नाही, मग ठिपका ठेवायचा कशावर? ६ बाय ३० (६ पट, ३० मिमी भिंग) किंवा ८ बाय ५० चा भिंगवाला फाइंडर लगेच घ्या. सोबतचा १० मिमी आयपीस पण सुमार, कडेचे तारे पसरट दिसतात, आणि चष्मा असेल तर डोळा इतका जवळ न्यावा लागतो की पापण्या काचेला लागतात. २५ मिमीचा मात्र ठेवा, छान आहे. स्टँड भुशाच्या फळीचा, दवात भिजला की कडा फुगतात, वापरून झाल्यावर पुसून आत ठेवायचा. फोकसर थोडा ढिला होता, खालचा स्क्रू किंचित आवळल्यावर ठीक झाला. आणि १२० पटीवर तारा अर्ध्या-पाऊण मिनिटात मधून कडेला जातो, सारखं ढकलत राहावं लागतं, चित्र काढताना याची सवय व्हायला वेळ लागतो.

ज्यांना बटण दाबून वस्तू समोर हवी आहे त्यांनी हा घेऊ नये, त्यांचा वैताग होईल. ज्यांना आकाशातले रस्ते पाठ करायचे आहेत त्यांनी डोळे झाकून घ्यावा. बर्नार्ड जून-जुलैमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात वर असतो, ऑक्टोबरपर्यंत संध्याकाळी मिळतो. तोवर थांबायचं नसेल तर मार्च ते मे सप्तर्षीच्या दक्षिण भागातला ललांद २११८५ बघा, ८.३ प्रकाशवर्षं, मॅग्निट्यूड ७.५, हा पण लाल बटू, याच्याभोवतीही ग्रह सापडलेत आणि साध्या ७ बाय ५० च्या बायनॉक्युलरनेही दिसतो. अल्फा सेंटॉरीच्या त्रिकुटातला प्रॉक्सिमा ११ मॅग्निट्यूडचा आहे, दुर्बिणीला झेपतो, पण तो आकाशात फार दक्षिणेला असल्याने तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. डॉब मागवतानाच भिंगवाला फाइंडर सोबत मागवा, नंतर वेगळा घेतला तर त्याचा बूट (नळीवर बसवायचा भाग) बसत नाही असं होऊ शकतं, ते विकणाऱ्याला आधी विचारून घ्या.