शुअर एसएम ५८ : बँडच्या गायिकेच्या हातात

कॉलेजच्या गॅदरिंगवरून सांगलीच्या भावे नाट्यमंदिरापर्यंत पोचायचं, तर गायिकेचा आवाज डिस्टॉर्शनवाल्या (मुद्दाम खरखरीत केलेल्या) गिटारखाली दबता कामा नये. त्यासाठी १९६६ पासून चालत आलेला हा डायनॅमिक माइक अजूनही पहिली पसंती. फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज, लागत नाही आणि पडला-आपटला तरी सहसा काही होत नाही.

आवाज बारीक येतो ही नेहमीची तक्रार. बहुतेकदा दोष माइकचा नसतो, गिटारचा असतो! मिक्सरवर गिटारचा ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग २-३ डेसिबलने खाली घ्या, शब्द लगेच कळतात. गायिकेच्या चॅनलवर १०० ते १२० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) लावा. ओठ अगदी जाळीला लागले की खर्ज फुगतो, म्हणून शांत ओळीला जवळ आणि किंचाळताना चार-पाच इंच लांब.

जाळी मुठीत धरायची स्टाइल मात्र सोडा. त्याने माइक मागचा आवाजही उचलतो आणि शिट्टी सुरू होते. मॉनिटर, म्हणजे गायिकेला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या बरोबर शेपटीच्या रेषेत ठेवा.

बटण नसलेलाच घ्या. ऐन गाण्यात चुकून बंद होण्याची भीती नको. नकली माल भरपूर आहे. अस्सल माइक साधारण २९८ ग्रॅम भरतो, हलका लागला तर परत करा. जाळी फिरवून काढता येते. आतला स्पंज कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळल्यावरच बसवा, पावसाळ्यात त्याला दोन दिवसही लागतात.

तारसप्तकातली चकाकी हवी असेल तर हा थोडा मंदच वाटेल.