डावी बाजू विसरलेल्या रुग्णासाठी : कोथरूडमधील ऑक्युपेशनल थेरपी केंद्राचा अनुभव

पक्षाघातानंतर हातपाय बऱ्यापैकी चालत असूनही रुग्ण विचित्र वागू लागला असेल, तर पुण्यातील कुटुंबांनी या केंद्राचा विचार अवश्य करावा. माझ्या वडिलांच्या रुग्णालयातील कागदपत्रांत ‘उजव्या पॅरायटल लोबला इजा’ एवढाच उल्लेख होता. त्याचा रोजच्या जगण्यातील अर्थ आम्हाला इथे प्रथम कळला.

वडील ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपवत आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच ठेवून ‘पान झाले’ म्हणत. दाढीही उजव्या गालापुरतीच होई. नातेवाइकांनी डोळे तपासण्याचा आग्रह धरला, पण तपासणीत नजरेत काहीच दोष निघाला नाही. केंद्रातील थेरपिस्टबाईंनी पहिल्याच भेटीत कोऱ्या कागदावर आडवी रेघ काढून तिच्या मध्यावर खूण करायला सांगितले, तेव्हा वडिलांची खूण उजव्या टोकाजवळ पडली. घड्याळ काढायला सांगितल्यावर बाराही आकडे त्यांनी उजव्या अर्ध्यातच दाटीवाटीने बसवले.

यानंतर बाईंनी मेंदूची प्रतिकृती हातात घेऊन जे सांगितले, ते मला या सेवेतले सर्वांत मोलाचे वाटते. पॅरायटल लोब डोक्याच्या माथ्याखाली, थोडा मागे असतो. त्याच्या पुढच्या पट्टीत शरीराच्या विरुद्ध बाजूकडून येणारा स्पर्श आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव पोहोचते, तर मागचा भाग ही जाणीव डोळ्यांना दिसणाऱ्या जागेशी जुळवून कुठे लक्ष द्यायचे हे ठरवायला मदत करतो. डावा मेंदू मुख्यतः उजव्या बाजूची दखल घेतो आणि उजवा दोन्ही बाजूंची. त्यामुळे उजवीकडे इजा झाली की डाव्या बाजूला वाली उरत नाही. हा हट्ट नव्हे आणि विसरभोळेपणाही नव्हे, हे त्यांनी आईला दोनदा बजावले, आणि ते फार गरजेचे होते.

हा दोष आठवणीतल्या जागेलाही लागू होतो, हे मिलानमधील रुग्णांवर १९७८ मध्ये दाखवले गेले होते. बाईंनी त्याचाच पुणेरी प्रयोग केला. अलका चौकातून बेलबाग चौकाकडे निघालो आहोत असे समजून लक्ष्मी रस्त्यावरची दुकाने सांगायला लावली, तर वडिलांनी फक्त उजव्या हाताची सांगितली. उलट दिशेने येताना मात्र आधी गाळलेली नेमकी तीच दुकाने त्यांच्या तोंडी आली. आम्ही थक्क झालो.

उपचारात दिखाऊपणा नाही. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवतात आणि “काका, पट्टी दिसेपर्यंत मान वळवा, मगच ओळ वाचा,” असे न कंटाळता सांगत राहतात. सगळे उजवीकडे सरकलेले दाखवणारा प्रिझमचा चष्मा लावून वस्तूकडे बोट नेण्याचा सरावही असतो. चष्मा काढल्यावर हात आणि लक्ष काही काळ डावीकडे झुकते. याचा परिणाम प्रत्येकात सारखा टिकत नाही, हे त्यांनी शुल्क घेण्यापूर्वीच स्पष्ट केले. वडील आता बहुतेक वेळा पट्टीशिवाय पूर्ण ओळ वाचतात, परंतु रस्ता ओलांडताना डावीकडे कोणीतरी असावेच लागते.

त्रुटी दोन आहेत. संध्याकाळच्या वेळा क्वचितच मिळतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांची ओढाताण होते. दुसरी अधिक गंभीर आहे : लिफ्टपाशी पोहोचण्याआधी ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांचा कठडा फक्त डाव्या बाजूला आहे, आणि नेमका तोच या रुग्णांना दिसत नाही. उजवीकडेही कठडा बसवावा, अशी लेखी विनंती आम्ही केली आहे. तोवर पहिली भेट घरी घेण्याविषयी फोनवरच विचारून घ्यावे.